स्टेशन विकत घेतलं, नाव नाही: लंडनच्या व्हर्जिन रेडिओचं प्रकरण

३० मे २००८ रोजी एसएमजी या स्कॉटिश माध्यम कंपनीने लंडनमधलं आपलं रेडिओ स्टेशन विकल्याचं जाहीर केलं. किंमत ५ कोटी ३२ लाख पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेचारशे कोटी रुपये. घेणाऱ्या कंपनीचं नाव टीआयएमएल गोल्डन स्क्वेअर. ऐकायला अस्सल इंग्रजी, कारण सोहोमधल्या ज्या चौकात स्टेशनचा स्टुडिओ होता त्याच चौकावरून ते घेतलेलं. पैसा मात्र मुंबईचा होता. बोरीबंदरसमोर ज्यांची जुनी इमारत उभी आहे, त्या टाइम्स ऑफ इंडिया समूहाची ही उपकंपनी.

या पैशात टाइम्सला देशभर ऐकू जाणारी १२१५ किलोहर्ट्झची एएम लहर मिळाली, लंडनपुरती १०५.८ एफएम मिळाली, डिजिटल रेडिओवरच्या जागा, स्टुडिओ, निवेदकांचे करार आणि पंधरा वर्षांत जमवलेले लाखो श्रोते मिळाले. हे सगळे श्रोते ज्या नावाने स्टेशनला ओळखत होते ते नाव, ‘व्हर्जिन रेडिओ’, सौद्यात नव्हतं. चार महिन्यांत ते उतरवायचं होतं, आणि उतरलंही.

ट्रेडमार्कच्या वर्गात सहसा एकाने दुसऱ्याचं नाव चोरल्याची प्रकरणं सांगतात. इथे कुणी काही चोरलं नाही आणि नावाच्या मालकीवरून वादही नव्हता. म्हणूनच मला हे प्रकरण अधिक उपयोगी वाटतं. रेडिओ स्टेशन चालवणारा आणि त्याच्या नावाचा मालक हे दोघे वेगळे असले की काय होतं, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचित सापडतो.

आधी थोडा इतिहास. ब्रिटनमध्ये देशव्यापी खाजगी रेडिओचे परवाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निघाले. पहिलं स्टेशन क्लासिक एफएम १९९२ मध्ये सुरू झालं. दुसरा परवाना रिचर्ड ब्रॅन्सन यांचा व्हर्जिन समूह आणि टीव्ही-एएम ही टीव्ही कंपनी यांनी मिळून मिळवला. ३० एप्रिल १९९३ रोजी दुपारी सव्वाबारा वाजता, म्हणजे घड्याळात १२:१५ होताना, १२१५ लहरीवर हे स्टेशन बोलू लागलं. नाव होतं ‘व्हर्जिन १२१५’. नावातच लहरीचा आकडा घालायची तेव्हा पद्धत होती आणि आपल्याकडेही ती होती. मुंबईत ‘गो ९२.५’ आणि ‘विन ९४.६’ ही नावं आठवणारे लोक अजून आहेत. अशा नावाने श्रोत्याला सुई कुठे फिरवायची ते कळतं, पण लहर बदलली की नाव खोटं पडतं. शिवाय नोंदणीच्या दृष्टीने नुसत्या आकड्याला फारसं वजन नसतं, कारण तो सेवेचं वर्णन करतो, मालकाची ओळख सांगत नाही. १९९५ मध्ये लंडनमध्ये एफएम मिळाल्यावर व्हर्जिनच्या नावातला आकडा मागे पडला आणि ‘व्हर्जिन रेडिओ’ उरलं.

त्यानंतर मालक बदलत गेले. १९९७ मध्ये कॅपिटल रेडिओने खरेदीची बोलणी केली, पण प्रकरण मक्तेदारी आयोगाकडे अडकलं. तेवढ्यात स्टेशनवर सकाळचा कार्यक्रम करायला आलेल्या ख्रिस इव्हान्स या निवेदकाने स्वतःची कंपनी पुढे करून त्याच वर्षी डिसेंबरात साडेआठ कोटी पौंडांना स्टेशनच घेऊन टाकलं. पगारावरचा निवेदक मालक झाला. पुढे २००० मध्ये त्याने आपला सगळा जिंजर मीडिया समूह, टीव्ही निर्मितीसकट, एसएमजीला साडेबावीस कोटी पौंडांना विकला. एसएमजीला हा सौदा भारी पडला. २००७ पर्यंत कर्ज कमी करण्यासाठी रेडिओ काढून टाकणं भाग होतं. आधी शेअर बाजारात वेगळी नोंदणी करायचा विचार झाला, मग थेट विक्रीचा.

या सगळ्या उलाढालीत पाटी एकच राहिली. इव्हान्स आला, एसएमजी आली, तरी दारावर ‘व्हर्जिन’च. ऐकणाऱ्याला वाटायचं की स्टेशन ब्रॅन्सन यांचंच आहे. कागदावर मात्र ‘व्हर्जिन’ हे चिन्ह व्हर्जिन समूहातल्या चिन्हं सांभाळणाऱ्या कंपनीचं, व्हर्जिन एंटरप्रायझेसचं, आणि स्टेशनची मालक कंपनी ते परवान्यावर वापरणारी.

इथे कायद्याचा मुख्य मुद्दा येतो, म्हणून जरा थांबतो. परवान्यावर घेतलेलं नाव वापरणारा जेवढं चांगलं काम करतो, तेवढी त्या नावाची पत वाढते, आणि ही वाढलेली पत मूळ मालकाच्या खात्यात जमा होते. ब्रिटिश कायद्याची रीत अशी आहे. भारतीय ट्रेडमार्क कायदा, १९९९ यातही कलम ४८ स्पष्ट सांगतं की परवानगीने केलेला वापर हा मालकानेच केलेला वापर समजला जाईल. म्हणजे इव्हान्सच्या सकाळच्या गप्पांनी, एसएमजीने जाहिरातींवर खर्च केलेल्या पैशांनी आणि २००६ पासून सकाळ सांभाळणाऱ्या ख्रिस्टियन ओ’कॉनेलच्या विनोदाने लोकांच्या मनात जे जमलं, त्यातला ‘व्हर्जिन’ या शब्दाला चिकटलेला भाग स्टेशनच्या मालकीचा कधी झालाच नाही.

मग त्याच्या मालकीचं काय होतं? लहरी वापरण्याचा सरकारी परवाना, यंत्रसामग्री, माणसं आणि गाण्यांची निवड. यातला परवाना मुदतीचा असतो आणि माणसं दुसरीकडे जाऊ शकतात. गाणी तर सगळ्यांचीच. रेडिओ हा धंदा विचित्र आहे तो असा. कारखान्याकडे निदान जमीन असते.

नावाच्या परवान्याच्या करारात साधारणपणे पाच-सहा गोष्टी ठरतात: कुठल्या सेवेसाठी, कुठल्या प्रदेशात, किती मुदतीसाठी, किती रॉयल्टी, दर्जा कोण तपासणार, आणि वापरणाऱ्या कंपनीचा ताबा बदलला तर काय. शेवटचं कलम विकत घेणाऱ्याने सर्वांत आधी वाचावं. शेअर विकले तर कंपनी तीच राहते, म्हणून तिचे करारही राहतात, असा आपला समज असतो. नावाच्या मालकाला मात्र आपलं नाव उद्या कोणाच्या हातात पडेल याची काळजी असते, त्यामुळे ताबा बदलला की परवाना संपवण्याचा किंवा नव्याने वाटाघाटी करण्याचा हक्क तो स्वतःकडे ठेवतो. दर्जा तपासण्याचं कलमही शोभेचं नसतं. मालकाने दर्जावर लक्षच ठेवलं नाही तर ते चिन्ह विशिष्ट मालकाची ओळख सांगतं या दाव्यालाच धक्का बसू शकतो. म्हणून व्हर्जिनसारखा समूह, ज्याचा बराचसा धंदा नाव भाड्याने देण्याचा आहे, ही कलमं दातांनी धरून ठेवतो.

टाइम्सच्या बाजूने पाहू. स्टेशन चालवायला त्यांनी ॲब्सोल्यूट रेडिओ इंटरनॅशनल ही कंपनी सोबत घेतली होती. त्या वेळच्या वृत्तांनुसार नवं नाव रुजवण्यासाठी दीड कोटी पौंड बाजूला ठेवले होते. खरेदीच्या रकमेच्या पाव हिश्शाहून हे अधिक. नाव नसण्याची किंमत इतक्या उघडपणे ताळेबंदात क्वचित दिसते.

१ सप्टेंबर २००८ रोजी नवं नाव जाहीर झालं, ‘ॲब्सोल्यूट रेडिओ’. महिनाअखेरीस, २९ सप्टेंबरच्या सकाळी, व्हर्जिन रेडिओ हवेतून गेला. चालवणाऱ्या कंपनीचंच नाव स्टेशनला मिळालं. मला हे नाव ट्रेडमार्क म्हणून कच्चं वाटतं. ‘रेडिओ’ शब्द सगळ्यांचा, आणि त्याआधीचं ‘ॲब्सोल्यूट’ (निखळ) हे विशेषण कुणीही आपल्या मालाची स्तुती करायला वापरेल असं. असं नाव नोंदवलं तरी त्याला धार यायला वर्षं लागतात, आणि ती वापराने येते. उलट ‘व्हर्जिन’चा रेडिओशी, विमानाशी किंवा कोल्ड्रिंकशी मुळात काही संबंध नाही. म्हणूनच ते चिन्ह म्हणून बळकट. आपल्याकडचं ‘मिर्ची’ त्याच जातीचं. मिरचीचा रेडिओशी काय संबंध, या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून ती टाइम्सची पक्की मालमत्ता. ज्या समूहाने घरी इतकं ठसकेबाज नाव रुजवलं, त्याने लंडनमध्ये इतकं सपक नाव का घेतलं, हे मला अजून कोडं आहे.

नाव बदलणं म्हणजे लोगो बदलणं एवढंच नव्हतं. व्हर्जिन रेडिओ क्लासिक रॉक आणि व्हर्जिन रेडिओ एक्सट्रीम ही डिजिटल भावंडंही एका रात्रीत ॲब्सोल्यूट झाली. संकेतस्थळाचा पत्ता, डिजिटल रेडिओच्या पडद्यावर उमटणारं नाव, प्रत्येक जिंगल, निवेदकाच्या तोंडची सवय आणि जाहिरातदारांशी झालेले करार, सगळं बदलायचं होतं. पण सर्वांत दुखरी जागा मोजणीची होती.

ब्रिटनमध्ये रेडिओचे श्रोते राजार ही संस्था मोजते आणि तिचा पाया होता डायरी. निवडलेल्या माणसाने आठवडाभर कधी काय ऐकलं याची नोंद करायची. म्हणजे कानाने ऐकलेलं डोक्याने नावानिशी आठवावं लागतं. स्टेशन तेच, गाणी तीच, आवाज तोच, पण ऐकणारा म्हणतो, ‘मी कुठलं बरं ऐकत होतो?’ तेवढ्यात एक नोंद गेली. जाहिरातीचा दर या नोंदींवर ठरतो, त्यामुळे रेडिओत नावाची ओळख हा थेट महसुलाचा आकडा आहे. टीव्हीवर कोपऱ्यात लोगो चोवीस तास दिसतो. रेडिओला तो बोलूनच दाखवावा लागतो. आपल्याकडे २००७ पासून मुंबई, दिल्ली, बंगळूर अशा शहरांत झालेली ‘रॅम’ची मोजणीही डायरीचीच होती. ‘नाइंटी एट पॉइंट थ्री’ असा घोष दर गाण्यामागे का चालायचा, त्याचं एक कारण हे. अपेक्षेप्रमाणे ॲब्सोल्यूटचे श्रोते सुरुवातीला चांगलेच घसरले. त्यात २००८ च्या शेवटी आर्थिक मंदी येऊन जाहिरातींचा बाजारच बसला. घसरणीचं सगळं खापर नावावर फोडणं म्हणूनच योग्य नाही.

पुढे जे झालं ते या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं आहे. नाव स्वतःचं असल्यामुळे ॲब्सोल्यूटने ते हवं तसं ताणलं. डिसेंबर २००९ मध्ये फक्त ऐंशीच्या दशकातली गाणी वाजवणारं ‘ॲब्सोल्यूट ८०’ निघालं. पाठोपाठ नव्वद, मग शून्याचं दशक, साठ आणि सत्तर. दशकांची अख्खी माळच तयार झाली. पुढे तर एकच सकाळचा निवेदक आणि प्रत्येक वाहिनीवर त्या-त्या दशकाची गाणी असाही खेळ त्यांनी केला. भाड्याच्या नावाखाली हे करायचं तर प्रत्येक नव्या वाहिनीसाठी परवानगी, नवी रॉयल्टी, नवी दर्जा तपासणी. अशक्य नव्हतं, पण पायात पाय आले असते.

टाइम्सला त्याचं फळ मिळालं नाही. २०१३ मध्ये त्यांनी ॲब्सोल्यूट जर्मन मालकीच्या बाउअर या माध्यम कंपनीला विकलं. वृत्तांनुसार किंमत दोन ते अडीच कोटी पौंडांच्या घरात, म्हणजे घेतल्याच्या निम्मीही नाही. वर्षअखेरीस व्यवहार पुरा झाला. साधा हिशेब मांडला तर मुंबईच्या समूहाने ब्रिटिश श्रोत्यांना एक नवं नाव शिकवण्याचा खर्च केला आणि शिकवून झाल्यावर ते नाव दुसऱ्याच्या हवाली केलं.

बाउअरने काय केलं पाहा. मे २०२१ मध्ये लंडनची १०५.८ एफएम ॲब्सोल्यूटकडून काढून आपल्या ग्रेटेस्ट हिट्स रेडिओला दिली. जानेवारी २०२३ मध्ये १२१५ एएम बंदच केली. म्हणजे २००८ च्या सौद्यात ज्या दोन लहरी हे मुख्य भांडवल होतं, त्या दोन्ही आज ॲब्सोल्यूटकडे नाहीत. शिल्लक राहिलं आहे ते तेव्हा सौद्यात नसल्याने नाइलाजाने बनवावं लागलेलं नाव, डिजिटलवर आणि मोबाइलवर. वर मी त्याला सपक म्हटलं. पंधरा वर्षांच्या वापराने त्याला ओळख आली, हेही मान्य करायला हवं.

आणि ‘व्हर्जिन रेडिओ’? ३० मार्च २०१६ रोजी ते ब्रिटनमध्ये डिजिटल रेडिओवर परतलं. या वेळी परवाना घेतला होता पूर्वीच्या यूटीव्ही मीडियाने, म्हणजे वायरलेस समूहाने, जो त्याच वर्षी रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पकडे गेला. जुन्या स्टेशनशी या नव्याचा मालकीचा, लहरीचा किंवा स्टुडिओचा काही संबंध नाही. जानेवारी २०१९ मध्ये सकाळचा कार्यक्रम करायला बीबीसी सोडून कोण आलं, तर ख्रिस इव्हान्स. श्रोत्याच्या लेखी व्हर्जिन रेडिओ परत आला, इव्हान्ससकट. कायद्याच्या लेखी हे नवं स्टेशन होतं आणि जुनं स्टेशन दुसऱ्या नावाने गावात हयात होतं.

यात एक बारकावा आहे. ट्रेडमार्क नोंदवून सलग पाच वर्षं वापरला नाही तर तो त्या सेवेपुरता रद्द करण्याची मागणी करता येते. ब्रिटनमध्ये हा नियम आहे, भारतात कलम ४७ मध्ये आहे. ब्रिटनच्या हवेत ‘व्हर्जिन रेडिओ’ साडेसात वर्षं नव्हता. मग कुणाला नावावर दावा सांगता आला असता का? मला तसं वाटत नाही, आणि त्याची कारणं दोन. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होता आणि संघाच्या पातळीवर नोंदवलेल्या चिन्हाचा संघात कुठेही झालेला खरा वापर धरला जायचा. इटलीत २००७ पासून आणि फ्रान्समध्ये २००८ पासून व्हर्जिन रेडिओ चालू होते. दुसरं म्हणजे विमान, दूरसंचार, व्यायामशाळा यांमुळे ‘व्हर्जिन’ इतकं प्रसिद्ध की वेगळ्या क्षेत्रातल्या वापरालाही कायदा आडवा आला असता. छोट्या स्टेशनला मात्र यातलं एकही कवच नसतं. त्याने नाव पाच वर्षं पडू दिलं तर ते गेल्यात जमा.

फ्रान्सची गोष्ट लंडनच्या बरोबर उलट आहे. तिथे लागार्देर समूहाने १ जानेवारी २००८ रोजी आपलं ‘युरोप २’ हे जुनं नाव उतरवून भाड्याचं ‘व्हर्जिन रेडिओ’ लावलं. १ जानेवारी २०२३ रोजी त्यांनी पुन्हा ‘युरोप २’ लावलं. त्यांना परत जायला स्वतःचं घर होतं, कारण जुनं नाव त्यांनी विकलं नव्हतं. भारतात २००६ मध्ये एचटी मीडियाने दिल्लीत एफएम काढताना व्हर्जिनची तज्ज्ञ मदत घेतली, पण नाव लावलं ‘फीव्हर १०४’. मदत घ्यावी, नाव आपलं लावावं, हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. दुबईत मात्र २००८ पासून ‘व्हर्जिन रेडिओ’ हेच नाव चाललं. तिथल्या मराठी टॅक्सीप्रवाशांनाही ते परिचयाचं असेल.

नाव नको असलं तरी पैसे चुकत नाहीत, याचंही उदाहरण व्हर्जिनकडेच आहे, रेडिओबाहेरचं. अलास्का एअरलाइन्सने २०१६ मध्ये व्हर्जिन अमेरिका घेतली आणि २०१९ पर्यंत ते नाव पुसून टाकलं. करारात मात्र २०३९ पर्यंत वर्षाला किमान ८० लाख डॉलर रॉयल्टी होती. नावच वापरत नाही तर पैसे कसले, हा अलास्काचा युक्तिवाद लंडनच्या उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळला आणि अपिलातही तो टिकला नाही. किमान रॉयल्टी ही वापराची नव्हे, वापरण्याच्या हक्काची किंमत ठरली. टाइम्स स्वच्छपणे बाहेर पडू शकला याचं मोल या निकालाशेजारी ठेवलं की कळतं.

महाराष्ट्रात आता गावोगावी कम्युनिटी रेडिओ, इंटरनेट रेडिओ, पॉडकास्टवाले उभे राहत आहेत. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी किंवा पुणे विद्यापीठाची विद्यावाणी ही त्यातली ओळखीची नावं, पण नावाची नोंदणी हा विषय बहुतेकांच्या यादीत शेवटी असतो. माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी मिळाली की नावही आपलं झालं असं धरलं जातं. तसं नाही. मंत्रालय प्रसारणाची परवानगी देतं. नावाचं खातं वेगळं, ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं, ज्याचं मुख्य कार्यालय मुंबईतच अँटॉप हिलला आहे. प्रसारणासाठी वर्ग ३८ आणि करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी वर्ग ४१ असे दोन वर्ग विचारात घ्यावे लागतात, कारण लहर बंद पडून फक्त कार्यक्रम उरले तर ३८ मधली नोंद पुरत नाही. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण. २०१७ च्या नियमांनुसार तीस सेकंदांपर्यंतची धूनही ध्वनिचिन्ह म्हणून एमपी३ स्वरूपात नोंदवता येते. रेडिओवाल्याने खरं तर लोगोच्या आधी आपल्या धुनेचा अर्ज करावा.

अर्जावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे हेही पाहावं. संस्था चालवते ट्रस्ट, नाव नोंदवलेलं असतं अध्यक्षांच्या किंवा देणगी देणाऱ्या कंपनीच्या नावावर, आणि दोघांमध्ये कागद काहीच नाही, ही लंडनसारखीच स्थिती आहे, फक्त दीड कोटी पौंडांची तरतूद नसलेली. तेच कार्यक्रमांच्या नावांचं. सकाळच्या कार्यक्रमाला निवेदकाचं टोपणनाव दिलं की निवेदक जाताना तो कार्यक्रम घेऊन जातो का, की स्टेशन ते नाव दुसऱ्या आवाजाला लावू शकतं, हे नेमणूकपत्रात एका ओळीत लिहिता येतं.